येसूबाईंचा बंदिवास व आजचा कारागृह-नियम

किल्ल्यांचा इतिहास लिहितांना तट, बुरूज, तोफा ह्यांची मोजदाद होते. बंदींत पडलेल्यांच्या मुलाबाळांची होत नाहीं. परांडा व नळदुर्ग हे मातबर किल्ले आमच्या धाराशिव जिल्ह्यांत असल्यामुळें ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. म्हणून सर्वांस ठाऊक असलेलें एक उदाहरण येथें निराळ्या दृष्टीनें पाहावयाचें आहे.

इ. स. १६८९ च्या नोव्हेंबरांत रायगड पडला आणि येसूबाई व त्यांचे सात वर्षांचे पुत्र शाहू मोंगलांच्या कैदेंत गेले. औरंगजेबानें मायलेकरांची ताटातूट केली नाहीं. शाहूंस राजा हा किताब व सप्तहजारी मनसब मिळाली. शाहजादी झीनतुन्निसा हिनें त्यांची काळजी वाहिली. १६९५ ते १६९९ पर्यंत बादशाही तळ आमच्या जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, भीमातीरीं ब्रह्मपुरीस होता.

ह्यास दया म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. १७०७ त औरंगजेब वारल्यावर शाहूंस सोडलें, पण येसूबाईंस ओलीस ठेवलें. पुत्र सातारच्या गादीवर बसला, तरी माता बंदींतच राहिली. १७१९ त बाळाजी विश्वनाथ त्यांस दिल्लीहून घेऊन आले. मातृप्रेमाचें बळ सत्तेनें ओळखलें होतें. तिनें त्याचीच बेडी घडविली.

आज तेंच प्रेम मुलाचा हक्क मानिलें जातें. १३ एप्रिल २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें उपाध्याय खटल्यांत ठरविलें कीं, बंदिवान आईजवळ मूल सहा वर्षांचें होईपर्यंत राहूं शकतें. त्यास कैदी समजूं नये. अन्न, औषध, शिक्षण त्यास मिळालेंच पाहिजे. पुढें तें सरकारी संस्थेंत ठेविल्यास आठवड्यांतून एकदां तरी आईची भेट घडवावी.

ह्या नियमानें पाहिलें तर सात वर्षांचे शाहू आईजवळ राहूंच शकले नसते. मर्यादा चुकीची असें आम्ही म्हणत नाहीं. तुरुंग हें बाळपणाचें घर नव्हे. परंतु म्हणूनच सहा वर्षांनंतरच्या भेटीवर सारा भार येतो. परांड्याकडील खेड्यांत आजीजवळ वाढणारें मूल दूरच्या कारागृहापर्यंत कोणी न्यावें, भाडें कोणी भरावें, ह्याची तजवीज नसेल तर हक्क कागदावरच राहील.

येसूबाईंस पुत्राचें दर्शन बारा वर्षांनीं झालें, तेंही फौजेच्या व तहाच्या बळावर. सामान्य बंदिवान आईसाठीं कोणी पेशवा दिल्लीस जाणार नाहीं. तिच्या बाजूस आहे तो नियमच. आणि तो पाळला जातो कीं नाहीं, हें पाहणें आपलें काम आहे.