चिली: पातेलं कुणाचं, नाव कुणाचं?

रविवारी पातेलंभर चिली करून ठेवली की आमचं बुधवारपर्यंत भागतं. खिमा, कांदा, टोमॅटो, राजमा आणि बाटलीतली चिली पावडर. दुसऱ्या दिवशी ती आणखी मुरते. पण हा पदार्थ इतका सोपा झाला कसा?

१९व्या शतकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत, मिलिटरी प्लाझा या चौकात, संध्याकाळ झाली की मेक्सिकन वंशाच्या बायका टेबलं मांडत. मांस आणि सुक्या मिरच्यांचा घट्ट रस्सा घरून शिजवून आणत आणि कंदिलाच्या उजेडात वाढत. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या नावाने चिलीचा स्टॉल लागला. त्याच दशकात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने तयार चिली पावडर विकायला सुरुवात केली. मिरच्या भिजवा, वाटा, ही कटकट संपली.

१९३०च्या दशकात आरोग्य खात्याच्या नियमांपुढे त्या बायकांची टेबलं टिकली नाहीत. १९७७मध्ये मात्र चिली टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ झाली. पावडरीवर गेबहार्टचं नाव राहिलं. बहुतेक राण्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत.

आम्ही प्रोग्रामर दुसऱ्याचा ओपन सोर्स कोड वापरतो, तेव्हा सहसा मूळ लेखकाचं नाव सोबत ठेवावं लागतं. पाककृतीला तशी अट नसते. म्हणून तर ती कुणाच्या हातची, हे आपणच सांगत राहायला हवं.