मुलांची फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी: घरच्या सरावाचा उपयोग किती?

बाळ उशिरा बसू लागले, एक पाय ओढून चालू लागले किंवा शाळेत जायच्या वयातही त्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नसेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा थेरपी सुचवतात. त्यावर पालकांचा पहिला प्रश्न असतो, "रोज न्यावं लागेल का?" बेगडेवाडीहून मुलाला कडेवर घेऊन लोकलने पिंपरीला किंवा पुण्याला रोज जाणे सोपे नाही. घरातल्या एकाची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे अनेक कुटुंबे थोड्याच दिवसांत थेरपी बंद करतात. थेरपिस्टकडून नीट शिकून घेतले, तर उपचाराचा मोठा भाग घरी करता येतो.

दोन थेरपींमध्ये फरक काय?

फिजिओथेरपीत मान धरणे, बसणे, उभे राहणे, चालणे आणि तोल सांभाळणे यांवर भर असतो. ऑक्युपेशनल थेरपीत जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे अशी रोजची कामे मुलाला स्वतः करता यावीत म्हणून प्रयत्न होतात. यातल्या 'ऑक्युपेशन'चा नोकरीशी संबंध नाही. या विषयाचे भारतातील पहिले शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले.

संशोधन काय सांगते?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३६ मुलांवरील एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. थेरपिस्टने पालकांसोबत बसून उद्दिष्टे ठरवली आणि घरी करायचा सराव शिकवला. पालकांनी तो महिन्यातून सरासरी १७-१८ वेळा, दर वेळी सुमारे १६-१७ मिनिटे करून घेतला. आठ आठवड्यांनंतर या मुलांची प्रगती घरचा कार्यक्रम न दिलेल्या मुलांपेक्षा चांगली होती. म्हणजे दिवसाआड पाव तास दिला तरी उपयोग होतो.

त्यानंतरच्या अभ्यासांतूनही दिसले आहे की मूल स्वतः हालचाल करते, तेव्हाच ते ती शिकते. इतरांनी त्याचे हातपाय हलवून किंवा मालिश करून मुलाला बरे वाटेल, पण त्यातून ते चालायला किंवा जेवायला शिकत नाही. एकच हात कमजोर असेल, तर चांगला हात ठरावीक वेळ बांधून कमजोर हाताला काम देण्याची पद्धत उपयोगी ठरली आहे. मात्र ती थेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावी.

थेरपिस्टला काय विचारावे?

- पुढच्या दोन महिन्यांत मुलाला नेमके काय जमायला हवे? "सुधारणा होईल" हे उत्तर पुरेसे नाही. "चमच्याने चार घास स्वतः खाईल" असे उद्दिष्ट असावे.
- घरी काय करायचे? ते आमच्याकडून एकदा तुमच्यासमोर करून घ्याल का?
- सराव जेवण, आंघोळ, खेळ यांत कसा बसवायचा?
- पुन्हा कधी दाखवायचे?

थेरपिस्टकडे बीपीटी किंवा बीओटीएच यांसारखी पदवी आणि अधिकृत परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारावे. त्यात संकोच नको.

सरकारी मदत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, तर शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. पथक येईल तेव्हा तुमची शंका स्वतःहून सांगा. पथकाची वाट पाहायची नसेल, तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंधला आहे. तिकडे जाण्याची चिठ्ठी मागून घ्या.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास 'निरामय' विमा योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यात थेरपीचाही समावेश आहे. यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागते.

पैसे कुठे जपून खर्च करावेत?

सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती दिसतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा या आजाराचा मान्य उपचार नाही. हायपरबॅरिक ऑक्सिजनचाही फायदा सिद्ध झालेला नाही. यासाठी कर्ज काढू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- चार महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही
- नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही
- वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरते
- पाय ताठ राहतात किंवा कात्रीसारखे एकमेकांवर येतात
- दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही

बाळ दिवसांआधी जन्मलेले असेल, तर वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. "आमच्याकडे सगळी उशिराच चालतात" म्हणून थांबू नका. थेरपी लवकर सुरू केलेली बरी. निदान पक्के होईपर्यंतही ती सुरू ठेवता येते.

घरचा सराव चालू असला तरी तपासण्या चुकवू नका. सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. तो वेळेत कळण्यासाठी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढावा. मुलाला आधी जमत असलेली गोष्ट जमेनाशी झाली किंवा झटके आले, तर सराव थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.