मध्यस्थाचा परवाना : भिलाईच्या निमित्ताने

घराचा किंवा जमिनीचा एक व्यवहार पुरा होण्यासाठी किती माणसांचे हात लागतात याचा हिशेब मी मधे मांडून पाहिला. गावची नोंद ठेवणारा तलाठी किंवा पटवारी परीक्षा देऊन येतो, आणि मोजणी, पीकपाहणी, फेरफार यांचे प्रशिक्षण घेतो. मुद्रांक विकणाऱ्याकडे परवाना असतो. अनेक राज्यांत दस्त लिहिणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागतो. वकिलाला सनद लागते. दस्त नोंदविणारा दुय्यम निबंधक तर शासनाचाच अधिकारी. या साखळीत एकच माणूस असा होता की ज्याला शासनाने २०१७ सालापर्यंत देशाच्या बहुतेक भागात काहीच विचारले नाही. तो म्हणजे व्यवहार जमविणारा मध्यस्थ. खरे तर ग्राहकाची पहिली गाठ त्याच्याशीच पडते, आणि बहुतेक वेळा ग्राहक विश्वासही त्याच्यावरच टाकतो. मग हा माणूस इतकी वर्षे प्रशासनाच्या नजरेतून कसा निसटला? या प्रश्नाचे उत्तर शोधायला भिलाईइतके चांगले ठिकाण दुसरे नाही, असे मला वाटते.

आधी थोडे मागे जाऊ. दलालाला परवाना देण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. वऱ्हाडात १८८६ साली कारंजा येथील बाजार नियमनाखाली आला आणि १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्या कायद्याने बाजारातील दलाल आणि मापारी यांना परवान्याच्या कक्षेत आणले. कापसाचा दलाल परवानाधारक झाला, पण ज्या शेतात तो कापूस पिकत होता त्या शेताचा व्यवहार जमविणारा मात्र मोकळाच राहिला. दोन परवान्यांमध्ये थेट १२० वर्षांचे अंतर आहे.

याचे कारण शोधताना मला एक सूत्र दिसते. शासन त्यालाच आधी शिकविते जो शासनाचा महसूल राखतो. पटवारी शेतसारा राखतो, मुद्रांक विक्रेता मुद्रांक शुल्क राखतो, म्हणून त्यांचे नियम शंभर वर्षांपूर्वीच तयार झाले. मध्यस्थाच्या ज्ञानावर किंवा अज्ञानावर शासनाचा एक पैसाही अवलंबून नव्हता. नुकसान झाले तर ते खरेदीदाराचे होई. आणि १९०८च्या नोंदणी कायद्यात निबंधकाचे काम दस्ताची नोंद करणे हे आहे. विकणारा खरा मालक आहे की नाही, याचा निवाडा करणे हे नाही. एप्रिल २०२५मध्ये तामिळनाडूतील एक नियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे 'रजिस्ट्री झाली' एवढ्यावर निर्धास्त होणारा ग्राहक एका गैरसमजावर उभा असतो, आणि तो गैरसमज दूर करू शकणारा पहिला माणूस मध्यस्थच असतो.

मध्यस्थासाठी कायदाच नव्हता असेही नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्त्यावर, म्हणजे एजंटावर, एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यातील कलम २१२ प्रत्येकाने वाचावे असे आहे. तसाच व्यवसाय करणाऱ्यांच्या अंगी सर्वसाधारणपणे जेवढे कौशल्य असते, तेवढ्या कौशल्याने अभिकर्त्याने काम केले पाहिजे, असे ते सांगते. तत्त्व उत्तम आहे. पण ज्या व्यवसायात कोणीच काही शिकलेले नाही, तेथे 'सर्वसाधारण कौशल्य' म्हणजे काय? मोजायचा गजच आखूड असेल तर कापड कितीही मोजले तरी कमीच भरणार.

जुन्या काळी हे खपून जात असे, कारण खेड्यात अनोळखी माणूस क्वचितच येई. दुर्ग जिल्हा १९०६ साली झाला. त्यापूर्वी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या आणि नंतर मध्य प्रांताच्या अंमलाखाली होता. मालगुजारीची पद्धत होती; कोणते शेत कोणाचे, बांध कोठे, वाद कशावरून, हे मालगुजार, पटवारी आणि गावकरी यांना तोंडपाठ असे. अशा गावात मध्यस्थाला शिकण्यासारखे वेगळे काही नव्हते, कारण त्याला माहीत असलेले सर्वांनाच माहीत होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली.

त्यानंतर पाचच वर्षांनी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे, की त्या दिवशी या प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. गावांची शेते संपादित झाली. वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या प्रत्येक प्रांतातून माणसे आली. त्यांत विदर्भातील आणि पश्चिम महाराष्ट्रातीलही कितीतरी कुटुंबे होती. सर्व अनोळखी माणसांचे एक नवे शहर वसले.

आणि तरीही या शहराला कित्येक वर्षे मध्यस्थाची गरज फारशी भासली नाही. सेक्टरांमधील घर कारखान्याचे. ते हुद्द्याप्रमाणे मिळे, नोकरी असेपर्यंत राहायचे, मग किल्ली परत करायची. भाडे, पाणी, वीज, दुरुस्ती, सारे एका कार्यालयाकडे. ज्या माणसाने पस्तीस वर्षे भट्टीचे तापमान अचूक सांभाळले, त्याला सातबारा किंवा खसरा हातात धरण्याची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. ही वेळ निवृत्तीच्या वर्षी आली. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम एकदम हातात, घर रिकामे करण्याची तारीख समोर, आणि गावी परत जावे तर मुले इथेच वाढलेली. सुपेला, नेहरूनगर, स्मृतीनगर, रिसाली, दुर्गचे पद्मनाभपूर अशा वस्त्यांकडे माणसे वळली. या वळणावर मध्यस्थ उभा होता.

या भागात मला निवृत्त मराठी मंडळी भेटली, की बोलणे हटकून जमिनीवर येते. त्यांची अडचण दुहेरी असते. महाराष्ट्रातील शब्द त्यांना ऐकून माहीत असतात, इथले नसतात. आपल्याकडे सातबारा, आठ-अ आणि फेरफार. इथे खसरा, बी-१ आणि नामांतरण. आपल्याकडे भोगवटादार, इथे भूमिस्वामी. आपल्याकडे अकृषिक परवानगी, इथे डायव्हर्शन. आपण गुंठ्यात मोजतो, इथे डिसमिलमध्ये मोजतात. एकराचे गुंठे चाळीस, डिसमिल शंभर. मध्यस्थ सांगेल तेच खरे, अशी परिस्थिती आपोआप तयार होते.

मध्यस्थाला नेमके काय ठाऊक असायला हवे, याची ही उदाहरणे पाहा. छत्तीसगडच्या भू-राजस्व संहितेचे कलम १६५ आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाण्यावर निर्बंध घालते. तो व्यवहार नियमाबाहेर झाला तर पैसे देऊनही जमीन आपली होत नाही. पाच डिसमिलपेक्षा, म्हणजे सुमारे २,१७८ चौरस फुटांपेक्षा, लहान तुकड्यांच्या नोंदणीवरची बंदी २०१९च्या आरंभी उठली आणि २०२५मध्ये शेतजमिनीच्या बाबतीत पुन्हा आली. शेताचे परस्पर तुकडे पाडून विकण्याचा, ज्याला इथे 'अवैध प्लॉटिंग' म्हणतात, तो धंदा अशा फटींवरच पोसला जातो. आणखी एक उदाहरण टाउनशिपमधलेच. या शतकाच्या आरंभी कारखान्याने काही घरे कर्मचाऱ्यांना दीर्घ भाडेपट्ट्याने दिली. भाडेपट्टा आणि मालकी यांतला फरक मध्यस्थालाच कळत नसेल, तर तो घेणाऱ्याला काय समजावणार? दूर राहणाऱ्या कुटुंबांना मुखत्यारपत्रावर जमीन 'विकली' जाण्याचेही प्रकार होत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, की अशा मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही.

आता परवान्याकडे येऊ. रेराच्या आठ वर्षे आधी, २००८ साली, हरयाणाने मालमत्ता दलालांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला होता. देशव्यापी बदल झाला तो २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजेच रेराने. त्यातील मध्यस्थांविषयीची कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली. कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील घर किंवा भूखंड विकून देणाऱ्याने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे. कलम १० त्याची कर्तव्ये सांगते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करू नये, हिशेब ठेवावा, खोटी आश्वासने देऊ नयेत, प्रकल्पाची सारी माहिती ग्राहकाला मिळवून द्यावी. कलम ६२ प्रमाणे उल्लंघनाला दिवसाला १०,००० रुपये आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे.

पाऊल मोठे होते, यात शंका नाही. पण प्रशासकाच्या नजरेने पाहिले तर त्यात दोन उणिवा दिसतात. पहिली अशी, की अर्जात नाव, पत्ता, छायाचित्र, पॅन असे तपशील मागितले जातात. 'तू कोण' हे विचारले जाते, 'तुला काय येते' हे नाही. दुसरी उणीव व्याप्तीची. ही अट नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प नोंदणीतून सुटतो. जुन्या घराची फेरविक्री आणि शेताचा सुटा तुकडा कलम ९च्या कक्षेत येतच नाहीत. आणि निवृत्त माणूस नेमका याच दोन गोष्टी पाहत हिंडत असतो.

पहिली उणीव महाराष्ट्राने भरून काढण्याचा प्रयत्न केला. महारेराने १० जानेवारी २०२३ रोजी आदेश काढून मध्यस्थांना प्रशिक्षण आणि परीक्षा अनिवार्य केली. वीस तासांचे प्रशिक्षण आणि आयबीपीएस या संस्थेमार्फत परीक्षा, असे तिचे स्वरूप आहे. जुन्या नोंदणीधारकांना आधी १ सप्टेंबर २०२३, मग १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत मिळाली. मे २०२४मध्ये प्रमाणपत्र न मिळविलेल्या सुमारे २०,००० मध्यस्थांची नोंदणी स्थगित करण्यात आली. हा आकडा बोलका आहे. परवाना होता, पण तो टिकवण्यासाठी वीस तास बसून शिकावे, एवढेही इतक्या जणांनी मुदतीत केले नव्हते.

परदेशस्थ वाचकांना वीस तास हास्यास्पद वाटतील. कॅलिफोर्नियाने परवान्याचा पहिला कायदा १९१७ साली केला, तो न्यायालयात टिकला नाही, म्हणून १९१९ साली पुन्हा केला. न्यू जर्सीत आज परवान्याआधी ७५ तासांचा अभ्यासक्रम आहे, टेक्सासमध्ये १८० तासांचा. पण इंग्लंडचे उदाहरण वेगळे आहे. तेथे १९७९च्या कायद्यात परवानाच नाही; अपात्र ठरलेल्याला मात्र व्यवसायातून बाहेर काढता येते, आणि तक्रार निवारण योजनेचे सभासदत्व सक्तीचे आहे. म्हणजे वाटा दोन आहेत, आधी पारखून घेणे किंवा मागाहून जाब विचारणे. आपल्याकडे दाव्यांना वर्षे लागतात. म्हणून मागाहून जाब विचारण्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. परीक्षा आणली की आणखी एक कागद वाढतो, चहाच्या टपरीवर बसून दोन पैसे मिळविणाऱ्या गरीब माणसाचे पोट मारले जाते, आणि लबाड मात्र परीक्षाही पास होतो. आक्षेपात तथ्य आहे. परीक्षेने प्रामाणिकपणा येत नाही. पण विमा एजंटाला २०००च्या नियमांनी शंभर तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा लावली, तेव्हा हा व्यवसाय बुडाला नाही. काही हजारांच्या हप्त्यासाठी जे ज्ञान आवश्यक मानले, ते आयुष्यभराच्या पुंजीसाठी अनावश्यक कसे? शिवाय प्रशिक्षणाचा खरा लाभ कलम २१२ मध्ये आहे. उद्या मध्यस्थ म्हणाला, 'आदिवासी जमिनीचा नियम मला माहीत नव्हता', तर न्यायालय विचारू शकेल, 'तुझ्या व्यवसायात हे सर्वांना शिकविले जाते, मग तुलाच कसे ठाऊक नाही?' गज लांब होतो तो असा.

माझ्या मते छत्तीसगडसारख्या राज्याने तीन गोष्टी कराव्यात. अभ्यासक्रमात रेराच्या कलमांइतकेच वजन खसरा, बी-१, डायव्हर्शन आणि कलम १६५ यांना द्यावे. फेरविक्री आणि सुटे भूखंड विकून देणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणावे. आणि हा वर्ग हिंदीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, अल्प शुल्कात व्हावा, म्हणजे टपरीवरचा माणूसही त्याला बसू शकेल. शिकविण्यासाठी निवृत्त पटवारी आणि निबंधक आहेतच.

तोपर्यंत भिलाईत घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाने मध्यस्थाला चार प्रश्न विचारावेत. प्रकल्प असेल तर त्याचा आणि तुमचा रेरा क्रमांक कोणता? ताज्या खसऱ्यावर नाव कोणाचे आहे? डायव्हर्शनचा आदेश दाखवाल का? ही जागा मालकीची आहे की भाडेपट्ट्याची? जो न अडखळता उत्तरे देईल आणि कागद पुढे करील त्याला त्याची दलाली आनंदाने द्यावी. तो ती कमावतो आहे. जो 'काळजी करू नका, सगळे होऊन जाईल' एवढेच म्हणेल, त्याच्याकडून चहा घेऊन उठावे.