तळटीप १७ : ‘वरठी’

१७. वरठी : भंडारा जिल्ह्यातलं गाव. स्टेशनच्या पाटीवर मात्र ‘भंडारा रोड’. शहर तिथून दहाएक किलोमीटर. लेखक हे नाव सहज ओलांडून जातात, पण कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले ते याच लोहमार्गाने. डब्यातल्या अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या, तेही आपलं सोवळं सोबत घेऊन. टिळकांनी ते चालवून घेतलं. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळक प्रोटेस्टंट, तरी कॅथलिक लेखकाने हे उदाहरण घेतलं ते योग्यच. ईश्वरी योजना माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, त्याच्यातूनच चालते, अशी कॅथलिक तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनसची मांडणी आहे. बायबलमधल्या योसेफाला भावांनी विकलं, तो अपराध अपराधच राहतो. देव त्यातूनच दुष्काळातल्या धान्याची सोय करतो. म्हणून ‘सगळं देवानेच घडवलं’ हे लेखकाचं वाक्य जरा सैल वाटतं. विरहाची ती वर्षं, त्यातली काही पंढरपुरात, लक्ष्मीबाईंनाच काढावी लागली. (संपा.)