बिखेभंज्यांग : नावातच लिहिलेला इशारा

आजचा एपिसोड एका फुलाबद्दल आहे, आणि ते फूल मी जवळजवळ तोडलंच होतं.

तर झालं असं. ऑक्टोबरमध्ये ऑफिसमधले आम्ही चौघं सांदकफूच्या ट्रेकला गेलो होतो. सांदकफू म्हणजे पश्चिम बंगालमधली सगळ्यात उंच जागा, ३६३६ मीटर. सिंगालीला डोंगररांगेवर, एका हाताला भारत, दुसऱ्या हाताला नेपाळ. कालीपोखरी सोडल्यावर बिखेभंज्यांग नावाची खिंड लागते आणि तिथून शेवटचा उभा चढ सुरू होतो. तिथे ओल्या गवतात, उंच दांड्यांवर निळीजांभळी फुलं डोलत होती. प्रत्येक फूल टोपडं घातलेल्या बाळासारखं. मी हात पुढे केला आणि आमचा गाइड ओरडला, "सर, हात मत लगाओ! बिख है!"

गंमत बघा, ते नाव सकाळपासून माझ्या मोबाइलच्या नकाशावर होतं. मी ते फक्त 'पुढचा स्टॉप' म्हणून वाचत होतो. नेपाळीत बिख म्हणजे विष, भंज्यांग म्हणजे खिंड. वर्षाची जशी बरखा होते, तसं विषाचं बिख. आणि सांदकफू? लेपचा भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थही 'विषारी झाडांची उंच जागा' असाच सांगतात. म्हणजे दोन भाषांनी दोनदा पाटी लावलेली, आणि मी बीटेक झालेला माणूस ती न वाचता चाललो होतो!

हे फूल अकोनिटम प्रजातीतलं. संस्कृतात वत्सनाभ, मराठीत बचनाग. थंडी, धुकं आणि भरपूर ओलावा हे त्याचं घर. पूर्व हिमालयात जंगल विरळ होऊन गवताळ उतार सुरू होतात, तिथे ते वाढतं. हिवाळ्यात वरचं रोप वाळून जातं, पण जमिनीखाली कंद जिवंत राहतो. सगळ्यात जास्त विष त्या कंदातच असतं.

ते काम कसं करतं? आपल्या नसा आणि हृदयाच्या पेशींमध्ये सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडतात, लगेच मिटतात, आणि त्यावरच हृदयाचा ठोका चालतो. हे विष ती दारं उघडीच ठेवतं. आधी तोंडाला मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग ठोके बिघडतात. यावर नेमका उतारा आजही नाही.

आता इतिहासाकडे येऊ. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन हा कंपनी सरकारचा डॉक्टर १८०२-०३ मध्ये नेपाळात होता. त्याचं नेपाळवरचं पुस्तक १८१९ साली छापलं गेलं. त्यात तो लिहितो की गोरखे या बिखाला आपलं मोठं संरक्षण मानतात. शत्रू ज्या वाटेने येईल, त्या वाटेवरचं पाणी आम्ही विषारी करू शकतो, असं ते सांगत. त्याला स्वतःला हे फारसं पटलं नव्हतं. डोंगरात झरे इतके, की शत्रू सावध असेल तर ते साफ करून घेईल, असं त्याचं म्हणणं. पण नुसत्या नावाचा दरारा केवढा होता बघा!

पुढे १८४८ साली जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ याच रांगेवरच्या टोंगलूला चढला. त्याने नोंदवलंय की लेपचा आणि भूतिया लोक या फुलांच्या वेगवेगळ्या जाती निराळ्या मानत नाहीत, सगळ्यांना एकच नाव. शास्त्रज्ञांना मात्र त्या वेगळ्या करायच्या होत्या. ऑटो स्टाफने १९०५ साली भारतातल्या अकोनिटमवर मोठा ग्रंथच लिहिला. मला वाटतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मेंढपाळाला जात कळून काय करायचंय? त्याला मेंढी जिवंत हवी. म्हणून या रांगेवर मेंढ्यांना मुसकी बांधून नेत असत. आपल्याकडे मळणीच्या बैलांना बांधायचे ना, तशीच!

आणि हे फूल आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. लहानपणी ताप आला की आजी वैद्यांकडून त्रिभुवनकीर्ती आणायची. त्यात बचनाग असतो! गोमूत्रात किंवा दुधात शोधन करून त्याचा जहालपणा कमी केल्याशिवाय तो वापरत नाहीत. त्यामुळे ऐकून घरी प्रयोग करायचे नाहीत, प्लीज.

१९९२ साली सिंगालीला राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यानाच्या हद्दीत गुरं-मेंढ्या चारायला कायद्याने बंदी असते. म्हणजे जंगलाला मोकळा श्वास मिळाला, पण मुसकी बांधणारे हातही तिथून गेले. औषधासाठी कंद उपटला की ते रोपच संपतं, त्यामुळे आता फुलालाही माणसापासून जपावं लागतं. मेंढपाळ नाही, फूलही विरळ झालं, तर उरेल काय? नकाशावरचं एक नाव. त्याचा अर्थ सांगणारा कोणी नसेल, तर माझ्यासारखा एखादा पुन्हा हात पुढे करेल.

मी ते फूल तोडलं नाही. लांबून फोटो काढला, तोही जरा हललेलाच आलाय.

तुमच्या गावाशेजारच्या टेकडीला, ओढ्याला, खिंडीला काय म्हणतात? ते नाव का पडलं, हे या आठवड्यात घरातल्या कुणा मोठ्या माणसाला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!