तिखट कुणाला लागतं, कुणाला नाही : मिरचीची कुळकथा



ज्वारी दाण्यात आली की दरसाल एक प्रश्न ठरलेला. "साहेब, मिरचीचं पाणी फवारलं तरी पाखरं उठत नाहीत. मिरची कमी पडली का?" मंडळी, मिरची कमी पडली नाही. पाखरांना ती तिखट लागतच नाही! असं का, हे समजायला मिरचीची जुनी हकिगत पाहिली पाहिजे.

मिरची मूळची आपली नव्हे, ती अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस मिरी-मसाल्याच्या शोधात निघाला, आणि तिकडं त्याला मिरची भेटली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यांच्याच व्यापारातून ती आपल्याकडं आली. तोवर आपल्या स्वयंपाकात तिखटपणा असे तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. 'मिरची' हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलं.

माणसानं लागवड करण्याआधी रानमिरचीची पेरणी पाखरंच करीत. अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात ट्यूक्सबरी आणि नाभान या शास्त्रज्ञांनी हे तपासून २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. उंदरांनी तिखट मिरचीला तोंड लावलं नाही. बिनतिखट मिरची त्यांनी खाल्ली, पण त्यांच्या पोटातून गेलेलं बी उगवलं नाही. पाखरांच्या विष्ठेतलं बी मात्र चांगलं उगवलं. म्हणजे तिखटपणा ही झाडानं स्वतःच केलेली राखण आहे : दातांना बंदी, चोचीला मोकळीक.

या तिखट द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. आपल्या जिभेतल्या मज्जातंतूंवर चटका ओळखणारी एक जागा असते. डेव्हिड ज्युलियस यांनी ती १९९७ मध्ये शोधली, त्यासाठी २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. कॅप्सेसिन तिथं बसलं की शरीराला वाटतं, भाजलं! म्हणून घाम फुटतो, नाक-डोळे वाहतात. रोज खाऊन ही जाणीव बोथट होते, त्यालाच आपण सवय म्हणतो. कोंबडीतही ही जागा असते, पण कॅप्सेसिनचा तिच्यावर परिणाम होत नाही, हे २००२ मध्ये दिसून आलं. हत्तीला मात्र ते झोंबतं. म्हणून आफ्रिकेत काही शेतकरी मिरची तेलात कालवून कुंपणाच्या दोरांना लावतात.

यातून आपण काय घ्यायचं?

१. पाखरांसाठी तिखट फवारण्यात पैसा घालू नका. गोफण, डबा आणि माणसाची राखणच खरी.

२. तिखट लागलं तर पाणी कामाचं नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

३. खरा जाळ बियांत नसून बिया चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. मिरची तोडल्यावर, चिरल्यावर हाताला आधी तेल चोळा, मग साबणानं धुवा. तोवर डोळ्यांना आणि लेकरांना हात लावू नका. तोडणीच्या बायामाणसांनाही हे आवर्जून सांगा.