क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुडी : प्रारंभिक इतिहास

अणुभट्टीच्या शक्तीवर चालणारी व अण्वस्त्रधारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे वाहून नेणारी पाणबुडी. शत्रूच्या पहिल्या हल्ल्यातून बचावून प्रतिहल्ला करणे, हे तिचे मुख्य काम. शीतयुद्धातील अमेरिका व सोव्हिएट संघ यांच्या स्पर्धेतून तिची जडणघडण झाली.

पूर्वपीठिका : १६ सप्टेंबर १९५५ रोजी सोव्हिएट नौदलाच्या ‘बी-६७’ या डीझेल-विद्युत पाणबुडीने श्वेत समुद्रात आर-११एफएम हे क्षेपणास्त्र डागले. पाणबुडीवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सोडण्याची ही पहिलीच वेळ. मात्र त्यासाठी पाणबुडीला पृष्ठभागावर यावे लागले. अमेरिकेच्या रेग्युलस या क्रूझ क्षेपणास्त्राचीही तीच अडचण होती. लपून राहण्यातच जिचे बळ, ती पाणबुडी ऐन हल्ल्याच्या वेळी उघडी पडत असे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी अणुशक्तीवर प्रथम समुद्रात निघाली. दीर्घकाळ पाण्याखाली राहण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला. पाण्याखालून मारा करण्याचा मात्र शिल्लक राहिला.

पोलॅरिस : १९५५ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाने रिअर ॲडमिरल विल्यम रॅबर्न यांच्याकडे सागरी क्षेपणास्त्राचा प्रकल्प सोपविला. प्रथम विचारात असलेले ज्युपिटर हे द्रव इंधनाचे क्षेपणास्त्र अवजड होते आणि त्याचे इंधन पाणबुडीत बाळगणे धोक्याचे होते. १९५६ च्या उन्हाळ्यात झालेल्या अभ्यासबैठकीत एडवर्ड टेलर यांनी हलके स्फोटशीर्ष लवकरच बनविता येईल, असे प्रतिपादन केले. त्यामुळे घन इंधनावरील पोलॅरिस या लहान क्षेपणास्त्राचा मार्ग मोकळा झाला. वेळ वाचविण्यासाठी, बांधणी सुरू असलेल्या हल्लेखोर पाणबुडीच्या सांगाड्यात सु. ४० मी. लांबीचा क्षेपणास्त्र-विभाग जोडून ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ तयार करण्यात आली. ती ३० डिसेंबर १९५९ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यात १६ क्षेपणास्त्रे असून त्यांचा पल्ला सु. २,२०० किमी. होता. दाबाखालील हवेने क्षेपणास्त्र पाण्याबाहेर फेकले जाई व नंतर त्याचे एंजिन पेट घेई. २० जुलै १९६० रोजी केप कॅनाव्हरलजवळ तिने पाण्याखालून दोन क्षेपणास्त्रे यशस्वीपणे डागली. नोव्हेंबरमध्ये ती पहिल्या गस्तीवर गेली. ‘ब्लू’ व ‘गोल्ड’ अशी दोन पथके आळीपाळीने नेमल्यामुळे पाणबुडी अधिक काळ समुद्रात ठेवता येई.

सोव्हिएट प्रयत्न : १९६० च्या अखेरीस ‘के-१९’ ही अणुपाणबुडी सेवेत आली. तिच्यात द्रव इंधनाची तीनच क्षेपणास्त्रे होती; त्यांचा पल्ला सु. ६०० किमी. होता आणि ती पृष्ठभागावरूनच सोडावी लागत. जुलै १९६१ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये तिच्या अणुभट्टीची शीतन यंत्रणा बिघडली. दुरुस्तीसाठी आत गेलेले आठ जण किरणोत्सर्गामुळे काही आठवड्यांतच मरण पावले. पाण्याखालून सुटणारे आर-२१ हे क्षेपणास्त्र १९६३ मध्ये वापरात आले.

प्रसार : १९६७ पर्यंत अमेरिकेने अशा ४१ पाणबुड्या उभारल्या. त्याच वर्षी १६ क्षेपणास्त्रांची पहिली सोव्हिएट पाणबुडी ‘के-१३७’ दाखल झाली. अमेरिकेकडून पोलॅरिस घेऊन ब्रिटनची ‘रेझोल्यूशन’ १९६८ मध्ये गस्तीवर गेली, तर स्वदेशी क्षेपणास्त्रे असलेली फ्रान्सची ‘ल रदूताब्ल’ १९७१ मध्ये सेवेत आली.